रक्तातले किती, मातीतले किती? वाशिम जिल्ह्यातील दोन दिवस

अकोल्याहून दक्षिणेकडे निघाले की पातूरपर्यंतचा रस्ता सपाट काळ्या जमिनीतून जातो. पातूरचा घाट चढून वर आले की जमीन उंचसखल होते आणि मेडशीच्या आसपास विरळ झाडी दिसू लागते. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा हा पूर्वेकडील पसारा. येथून वाशिम जिल्हा सुरू होतो. या पठारावर पडणाऱ्या पावसाची एक मौज आहे. याच जिल्ह्यात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे जाऊन पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि ते पाणी अरबी समुद्रात जाते. येथूनच निघणाऱ्या अडाण आणि अरुणावती मात्र पैनगंगेची वाट धरतात, म्हणजे अखेर गोदावरी आणि बंगालचा उपसागर. एकाच ढगातून पडलेले दोन थेंब, कोणत्या उतारावर पडले एवढ्याच फरकाने, देशाच्या दोन टोकांना पोहोचतात.

अकोल्यात सव्वीस वर्षे दवाखाना चालवताना या पठारावरची माणसे मला रोज भेटत आली आहेत. त्यांचे रक्तदाबाचे आकडे, साखरेचे अहवाल, छातीचे आलेख मला ठाऊक आहेत. ती ज्या घरांतून येतात ती घरे मात्र मी फारशी पाहिली नव्हती. एका वाक्याने मला ती पाहण्यास भाग पाडले. ज्येष्ठ रुग्ण आणि त्यांच्यासोबत आलेली सून किंवा मुलगा हे वाक्य इतक्या वेळा उच्चारतात, की आता ते खुर्चीवर बसायच्या आधीच मला ऐकू येते : "आमच्या घराण्यातच हाये जी हे." बहुतेकदा या वाक्यापाठोपाठ प्रयत्न थांबतात. वडिलांना होते, आजोबांना होते, म्हणून मला झाले, आणि आता मुलालाही होणार; मग पथ्य कशासाठी आणि चालणे कशासाठी? हे वाक्य अर्धे खरे आहे. उरलेला अर्धा भाग शोधण्यासाठी जानेवारीतले दोन दिवस काढून मी या पठारावर फिरून आलो.

वाशिम हे फार जुने गाव. वत्सगुल्म हे त्याचे प्राचीन नाव, आणि वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. ज्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची काही सर्वांत सुंदर लेणी कोरली गेली, तो याच शाखेचा राजा. आजचा जिल्हा मात्र वयाने तरुण आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून तो वेगळा झाला. २०१८ मध्ये केंद्र शासनाने आरोग्य, पोषण, शिक्षण इत्यादी निकषांवर मागे राहिलेल्या जिल्ह्यांची 'आकांक्षित जिल्हे' म्हणून निवड केली, त्यात महाराष्ट्रातील चार होते : गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि वाशिम. बालाजीचे दर्शन घेऊन मी पद्मतीर्थाच्या काठी थोडा वेळ बसलो आणि मग बाजारात गेलो. माझे देवदर्शन बहुधा बाजारातच पुरे होते, कारण माणसे काय खातात ते तेथे कळते.

बाजार समितीच्या आवारात सोयाबीनची पोती होती, थोडी नवी तूर होती. ज्वारी शोधावी लागली. पन्नास वर्षांपूर्वी या पठाराचे अन्न म्हणजे ज्वारीची भाकरी, तुरीचे किंवा मुगाचे वरण, आणि जनावरांच्या गोठ्यात जाणारा कडबा. आता शेतात सोयाबीन आणि ताटात शिधावाटप दुकानाचा गहू-तांदूळ. एका वयोवृद्ध शेतकऱ्याने मला सांगितले, "ज्वारीले रानडुकरं ठेवत नाही, अन् मजूर भेटत नाही. पेरून काय करता?" आहारतज्ज्ञाने कितीही सांगितले तरी ताटातली भाकरी परत येण्याच्या वाटेत रानडुकरे आणि मजुरी उभी आहे, हे आम्ही डॉक्टरांनी सल्ला देताना लक्षात ठेवायला हवे.

त्या बाजारातली बहुतेक माणसे सडपातळ होती. पोट सुटलेला व्यापारी एखाददुसराच. आणि तरीही त्यांच्यातील कित्येकांच्या खिशात साखरेच्या गोळ्यांची पुडी असते, हे मला दवाखान्यामुळे माहीत होते. मधुमेह म्हणजे खाऊन-पिऊन सुखी माणसाचा आजार, ही आपली जुनी समजूत. मग उन्हात राबणाऱ्या, हाडकुळ्या शेतकऱ्याला तो का व्हावा?

याचे उत्तर शोधण्याचे मोठे काम आपल्याच राज्यात झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांची नोंद गरोदरपणाच्या आधीपासून ठेवण्यास सुरुवात केली. त्या माता कृश होत्या, त्यांची बाळेही लहान. जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. येथवर आश्चर्य नाही. आश्चर्य पुढे आहे. पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातील अवयव लहान होते, परंतु त्वचेखालची चरबी त्या मानाने मुळीच कमी नव्हती. वरून बारीक, आतून चरबीदार, अशी ही बाळे. आईच्या पोटात अन्न अपुरे पडले तेव्हा गर्भाने मेंदू आणि चरबी राखली आणि स्नायूंवर काटकसर केली. साखर जाळण्याचे मोठे काम स्नायू करतात, हे लक्षात घेतले म्हणजे पुढची गोष्ट उलगडते. त्या मुला-मुलींचा पाठपुरावा चालूच राहिला. अठराव्या वर्षी तपासणी झाली तेव्हा जवळजवळ निम्म्यांचे वजन प्रमाणापेक्षा कमी होते. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलेली होती. खेड्यातली, बारीक, अठरा वर्षांची मुले!

डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि जॉन युडकिन या आपल्या ब्रिटिश मित्राचे छायाचित्र छापले होते. दोघांचा उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे भाऊ शोभावेत, आणि आतून दोन निराळी शरीरे. म्हणून माझी ज्येष्ठांना विनंती असते, की वजन योग्य आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नये. कमरेचा घेर मोजावा. भारतीय पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

दुपारनंतर मंगरूळपीरकडे निघालो. त्या बाजूच्या एका खेड्यात माझे एक जुने रुग्ण राहतात. घरात त्यांच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आई आहेत. यजमान साठीत 'शुगर'ने गेले. तीन मुलगे. थोरला, म्हणजे माझा रुग्ण, शेती करतो. त्याला मधुमेह बासष्टाव्या वर्षी झाला. मधला पंचविशीत पुण्याला गेला, एका इमारतीवर रात्रपाळीचा पहारेकरी झाला. त्याला एक्केचाळिसाव्या वर्षी. धाकटा समृद्धी महामार्ग झाल्यापासून त्यावर मालमोटार चालवतो, दिवसाचे बारा-बारा तास बसून. त्याला अडतिसाव्या वर्षी. आजींना अद्याप नाही. आजी म्हणाल्या, "यायच्या बापालेबी होतं, डॉक्टरसाहेब. रगतातच हाये." मी विचारले, "मग तिघांना एकाच वयात का झाले नाही?" आजी गप्प झाल्या. सूनबाईंनी उत्तर दिले, आणि ते माझ्या उत्तरापेक्षा चांगले होते : "बी एकच हाये, वावरं तीन हायेत."

एका कुटुंबावरून शास्त्र सिद्ध होत नाही. परंतु शास्त्राने अन्यत्र जे सिद्ध केले आहे, ते या ओसरीवर सहज दिसत होते. सामान्य मधुमेहात एकच एक जनुक दोषी नसते; शेकडो जनुके प्रत्येकी थोडाथोडा भार टाकतात. आईवडिलांपैकी एकाला आजार असल्यास मुलांचा धोका वाढतो, हे खरे. पण तो आजार अडतिसाव्या वर्षी उंबरठा ओलांडणार की बासष्टाव्या, हे पुष्कळसे झोप, बैठक, ताट आणि कंबर यांवर ठरते. चोवीस वर्षांचा तो फरक लहान नव्हे. डोळे, मूत्रपिंडे आणि पावले यांना मिळालेली ती चोवीस वर्षे आहेत.

आजींशी बोलताना बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघालाच; या वयाच्या माणसांशी बोलताना तो निघतोच. रेशनची तांबडी मिलो ज्वारी, खडी फोडण्याची कामे, कामावर मिळणारी सुकडी. मधला मुलगा त्या सुमारास पोटात होता. "तवा म्या काय खाल्लं, ते देवालेच ठाऊक," आजी म्हणाल्या. त्या वर्षांत गर्भात असलेली पिढी आता पन्नाशी ओलांडून गेली आहे आणि दवाखान्याच्या बाकावर बसलेली आहे. तिच्या हाती कारकून किंवा दुकानदार होण्यापूर्वीच, नव्हे जन्मण्यापूर्वीच, काहीतरी लिहिले गेले होते काय? दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन नाकेबंदीमुळे हॉलंडच्या पश्चिम भागात असाच उपासमारीचा काळ आला. त्या वेळी गर्भात असलेली मुले पन्नाशीत आली तेव्हा त्यांच्यात साखर पचवण्याची क्षमता इतरांपेक्षा कमी आढळली. या हॉलंडच्या गोष्टीचा दुसरा भाग मला दुसऱ्या दिवशी कारंज्यात आठवला. तो तेथेच सांगतो.

सकाळी मानोऱ्यावरून पोहरादेवीला गेलो. बंजारा समाजाची ही काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. रामनवमीला येथे दूरदूरच्या तांड्यांतून माणसे येतात. नगाऱ्याच्या आकाराच्या भव्य इमारतीत बंजारा संस्कृतीचे संग्रहालय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले. बंजारा हे शतकानुशतके चालणारे लोक. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून निघालेली त्यांची लदेणी देशभर फिरत असे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि पक्के रस्ते आले, बैलावरचा व्यापार संपला आणि तांडे डोंगरउतारांवर स्थिरावले. जनुके बदलायला हजारो वर्षे लागतात. येथे चार-पाच पिढ्यांत जगणे बदलले. माझ्याशी बोलणारे तांड्यावरचे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले की त्यांचे पणजोबा बैलांमागे चालत, आणि त्यांचा नातू शंभर पावलांवरच्या दुकानालाही मोटारसायकलने जातो. ते हसत सांगत होते. मला नातवाच्या गुडघ्यांपेक्षा त्याच्या स्वादुपिंडाची काळजी वाटली.

त्याच फेरीत एका तरुणाने आपले सिकलसेल तपासणीचे कार्ड दाखवले. तो वाहक होता आणि त्याचे लग्न ठरत होते. येथे मात्र मी सूनबाईंचे वावराचे उत्तर पुरेसे मानणार नाही. सिकलसेल हा खरोखर रक्तातला आजार आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराची चूक, आणि तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. मध्य भारतात हा दोष असल्याचे १९५८ मध्येच डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी दाखवून दिले. विदर्भाला तो नवा नाही. पतिपत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता पंचवीस टक्के असते. त्या तरुणाला मी एवढेच सांगितले की मुलीचीही तपासणी करा, पत्रिका नंतर पाहा. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हे त्याच्या आईला दोनदा समजवावे लागले.

तथापि इतक्या ठाम जनुकालाही परिस्थितीपासून सुटका नाही. हा दोष टिकून राहिला तोच मुळी मलेरियामुळे. वाहकांना तीव्र मलेरियापासून संरक्षण मिळते, हे १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी दाखवले. जन्मल्यानंतर पहिले काही महिने हा आजार बोलतही नाही, कारण बाळाच्या रक्तात अजून गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन असते. ते ओसरले, की वेदना आणि पंडुरोग डोके वर काढतात. पुढे आयुष्यभर पाण्याची कमतरता, जंतुसंसर्ग, कडाक्याची थंडी, अतिश्रम यांतले काहीही वेदनेचा झटका आणू शकते. येथल्या एप्रिल-मेच्या उन्हात शेतात नेलेली पाण्याची कळशी म्हणजे अशा रुग्णाचे औषधच. त्याच्या जोडीला लसीकरण आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया असेल, तर तेच जनुक घेऊन माणूस पुष्कळ बरे आयुष्य जगतो.

दुपारी कारंज्याला पोहोचलो. कारंजा (लाड) म्हणजे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. गुरुमंदिरात गर्दी होती. पण मला येथील जैन मंदिरांतील पोथ्यांचे कुतूहल होते. पुष्पदंत या दहाव्या शतकातील कवीची अपभ्रंश भाषेतील काव्ये १९३० च्या दशकात संपादित होऊन याच गावाच्या नावाच्या ग्रंथमालेत छापली गेली. शेकडो वर्षे या पोथ्या कापडात बांधून, दोरा गुंडाळून जपलेल्या. दोरा बांधलेली पोथी वाचता येत नाही. तिच्यातले अक्षर मात्र जसेच्या तसे असते. सोडली की बोलू लागते.

आपल्या पेशींतही असेच घडते. डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत जनुकांची पोथी एकच. कोणती पाने बांधून ठेवायची आणि कोणती उघडायची, एवढाच फरक. मिथाइल नावाचे लहानसे रासायनिक गट जनुकांना चिकटतात आणि बऱ्याचदा दोऱ्याचे काम करतात. आता हॉलंडचा उरलेला भाग. उपासमारीच्या वेळी गर्भावस्थेच्या प्रारंभीच्या काळात असलेल्या माणसांचे रक्त सुमारे साठ वर्षांनी, २००८ मध्ये, तपासले गेले. वाढीशी संबंधित एका जनुकावरील मिथाइल गट त्यांच्यात त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा कमी होते. अक्षर तेच, दोऱ्याची गाठ निराळी, आणि ती गाठ सहा दशके टिकलेली.

यावरून 'म्हणजे सगळे गर्भातच ठरले' असा निष्कर्ष काढणे हे 'घराण्यातच आहे'चे नवे रूप झाले. ते मला मान्य नाही. १९९० मध्ये बोस्टनमध्ये एका शुश्रूषागृहातील नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना पायांच्या स्नायूंचा भारासहित व्यायाम देण्यात आला. आठ आठवडे. ज्यांनी तो पुरा केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि मांडीचे स्नायूही भरले. नव्वदाव्या वर्षी स्नायू ऐकतात. आधीच कमी स्नायू घेऊन जन्मलेल्या आपल्या माणसांना याची गरज इतरांपेक्षा अधिक आहे. त्यासाठी व्यायामशाळा लागत नाही. हात असलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, आणि जवळ कोणीतरी उभे असताना हातांचा आधार शक्य तितका कमी घेत उठावे, बसावे. पाच वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा पाच वेळा. हृदयविकार असेल किंवा उभे राहताच चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. शुश्रूषा करणाऱ्यांना माझे आणखी एक सांगणे : प्रेमापोटी आजोबांचा तांब्या, चप्पल, वर्तमानपत्र सगळे हातात आणून देऊ नका. त्यांना उठू द्या.

कारंज्यात ज्या कुटुंबाने मला जेवायला थांबवले, तेथे मी येण्याचे निमित्त आजोबा होते. बारा वर्षे मेटफॉर्मिन घेणारे, शाकाहारी, आता पायांना मुंग्या येतात अशी तक्रार. मधुमेहात तसे होतेच, असे घरच्यांनी धरले होते. पण ही गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकते, दूध-दह्यावरच भिस्त असेल तर अधिकच, आणि त्याच्या कमतरतेनेही मुंग्या येतात. ती तपासणी लिहून दिली. मग लक्ष गेले ते वाढणाऱ्या नातसुनेकडे. पाचवा महिना. पुण्याच्या त्याच अभ्यासात, ज्या मातांत बी-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली होती. फोलिक आम्लाची गोळी तिला सरकारी दवाखान्यातून मिळत होती आणि ती चालू ठेवणे आवश्यकच होते. बी-१२ विषयी कोणी विचारले नव्हते. तिचेही नाव चिठ्ठीवर लिहिले.

पाने मांडली गेली तेव्हा आधी आजोबा, मी आणि नातू बसलो. आजी आणि सासूबाई दुसऱ्या पंगतीला. नातसून सर्वांत शेवटी बसणार होती. तोपर्यंत वरणात डाळ किती उरेल आणि दह्याच्या पातेल्यात काय उरेल, याचा अंदाज पातेल्याकडे पाहूनच येत होता. कोणाचा दुष्टावा नव्हता. रीतच तशी. मी आजींना म्हणालो, "आजी, आजोबांच्या आजाराचे मूळ तुम्ही घराण्यात शोधता ना? या घराण्याचे पुढचे माणूस आत्ता या मुलीच्या पोटात जेवायची वाट पाहते आहे." आजींनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग सुनेला हाक मारून आणखी एक पान मांडायला सांगितले. नातसून संकोचून उभीच राहिली. तेव्हा आजी स्वतः उठल्या, खुर्चीच्या हातांचा आधार न घेता, आणि दह्याचे पातेले तिच्या पानाशी नेऊन ठेवले.